शून्य टक्क्यांच्या कार्डावर केलेल्या खरेदीचा हिशेब

बॅलन्स ट्रान्सफर कार्ड म्हणजे काय ते आता बऱ्याच जणांना माहीत असतं. एका क्रेडिट कार्डावर बाकी साचलेली असते आणि तिच्यावर दरमहा व्याज चढत असतं. दुसरी बँक म्हणते, ती बाकी आमच्याकडे आणा, ठरावीक महिने आम्ही तिच्यावर व्याज घेणार नाही. बदल्यात एकदाच फी द्यायची, अनेक कार्डांवर वळवलेल्या रकमेच्या 3 ते 5 टक्के. नीट वापरली तर ही सोय खरोखर कामाची आहे. आमच्या घरातल्या आजारपणात साचलेली बाकी तिच्यामुळेच फिटली. पण मधल्या काळात त्याच कार्डावर एक मोठी खरेदी झाली. तिच्यावर व्याज का लागलं, आम्ही भरलेले पैसे कुठे गेले, हे शोधायला मला बराच वेळ द्यावा लागला. जे कळलं ते एका जागी कुठेच लिहिलेलं नव्हतं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

कार्ड मिळेपर्यंतचा भाग थोडक्यात सांगते. अर्ज केला, उत्पन्नाची कागदपत्रं दिली, जुन्या कार्डाचा नंबर आणि वळवायची रक्कम कळवली. बँकेने जी मर्यादा मंजूर केली तिच्यात बाकी आणि फी दोन्ही बसवावी लागते, त्यामुळे जुनी बाकी पूर्ण आली नाही, थोडी मागे राहिली. पैसे जुन्या कार्डावर जमा व्हायलाही वेळ लागला. तोपर्यंत जुन्या कार्डाची किमान रक्कम, म्हणजे बिलातला दरमहा भरावाच लागणारा भाग, भरत राहायची असते, नाहीतर वळवणी चालू असतानाच तिकडे विलंब शुल्क लागतं. हे आम्हाला आधीच कोणीतरी सांगितलं होतं, त्याचा उपयोग झाला.

मग सासूबाईंचं श्रवणयंत्र घ्यायची वेळ आली. त्यांना ऐकू येणं फार कमी झालं होतं, तपासणी झाली होती, थांबण्यात अर्थ नव्हता. नवरा म्हणाला, “अगं, आपलं नवं कार्ड आहे ना? शून्य टक्के आहे. त्याच्यावर घेऊ आणि पुढच्या महिन्यात तेवढे पैसे भरून टाकू.” त्याच्याकडे ॲड-ऑन कार्ड, म्हणजे त्याच खात्यावरचं जोडकार्ड, होतं, त्यावर खरेदी झाली. ड्यू डेट, म्हणजे बिल भरायची शेवटची तारीख, यायच्या आत त्याने खरेदीची रक्कम अगदी पैशापर्यंत मोजून भरली. त्याच्या दृष्टीने विषय संपला होता, आणि कोणीही हेच म्हटलं असतं. एरवी कार्डावर खरेदी केली, बिल आलं, ते वेळेत भरलं की व्याज लागत नाही, हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं असतं.

पुढच्या स्टेटमेंटमध्ये ‘व्याज – खरेदी’ अशी ओळ होती. बाकी रकमेच्या मानाने आकडा छोटा होता. पण शून्य टक्क्यांच्या कार्डावर व्याज आलंच कसं, हे मला कळेना. त्याहून मोठं कोडं म्हणजे शिलकेच्या तपशिलात खरेदीची जवळजवळ निम्मी रक्कम अजून येणंच दिसत होती. पैसे भरल्याची नोंद मात्र वर स्पष्ट होती, तारखेसकट.

स्टेटमेंटचा हा तपशील बहुतेक जण वाचत नाहीत. आपण पहिल्या पानावरची एकूण रक्कम, किमान रक्कम आणि तारीख पाहतो. आत कुठेतरी एक छोटा तक्ता असतो, त्यात शिलकेचे प्रकार वेगवेगळे मांडलेले असतात: खरेदी, वळवलेली बाकी, रोख उचल. प्रत्येकापुढे व्याजाचा दर, ज्या रकमेवर व्याज मोजलं ती रक्कम आणि प्रत्यक्ष व्याज. हा तक्ता समजला की सगळं प्रकरण उलगडतं. कार्ड एकच असलं तरी आत एका घरात दोन चुली असाव्यात तसा कारभार असतो. वळवलेल्या बाकीचा दर वेगळा, मुदत वेगळी. खरेदीचा दर वेगळा, आणि आमच्या कार्डावर तो पहिल्या दिवसापासून नेहमीचाच, म्हणजे चढा होता. जाहिरातीतलं शून्य फक्त पहिल्या चुलीचं होतं.

मी कस्टमर केअरला फोन केला. पहिल्यांदा जो मुलगा बोलला त्याने तीच ती ठरलेली वाक्यं सांगितली. “मॅडम, तुम्ही किमान रक्कम भरलेली आहे, तुमच्यावर कोणतंही विलंब शुल्क नाही.” मी विचारलं, विलंब शुल्काचं सोडा, व्याज कशाचं आहे? तो म्हणाला, खरेदीचं. मी म्हटलं, खरेदी तर आम्ही ड्यू डेटच्या आत फेडली. यावर त्याने फोन वरिष्ठांकडे दिला. त्या बाई शांतपणे बोलल्या, आणि त्यांनी दोन प्रश्न विचारले त्यातच उत्तर होतं. “मागच्या स्टेटमेंटची एकूण रक्कम तुम्ही पूर्ण भरली होती का?” अर्थातच नाही. एकूण रकमेत सगळी वळवलेली बाकी होती, ती एकदम भरता आली असती तर हे कार्ड घेतलंच नसतं. “आणि तुम्ही भरलेल्या रकमेतून किमान रक्कम वजा केली का?”

पहिल्या प्रश्नामागे बिनव्याजी मुदतीचा नियम आहे. खरेदीपासून ड्यू डेटपर्यंत बँक व्याज घेत नाही, ही सवलत अट घालून दिलेली असते. अट अशी की स्टेटमेंटवरची एकूण रक्कम दर महिन्याला पूर्ण भरायची. एक भाग जरी पुढच्या महिन्यात गेला तरी सवलत जाते, आणि नव्या खरेदीवर ती केल्या दिवसापासून व्याज सुरू होतं. बॅलन्स ट्रान्सफर कार्डावर मोठी बाकी महिनोन्‌महिने राहणार हे तर पहिल्या दिवसापासून ठरलेलंच असतं. म्हणजे अशा कार्डावर बिनव्याजी मुदत बहुधा पहिल्या महिन्यापासूनच नसते. बाकीवर शून्य टक्के व्याज आहे म्हणून ती ‘बाकी नाही’ असं धरलं जात नाही. भारतात रिझर्व्ह बँकेच्या क्रेडिट कार्डविषयक निर्देशांतही हे आहे: मागच्या बिलातली काहीही रक्कम बाकी असेल तर बिनव्याजी मुदत जाते, हे कार्ड देणाऱ्याने ग्राहकाला स्पष्ट समजावून सांगितलं पाहिजे. आमच्या कार्डाच्या करारातही ते वाक्य होतं, पण ते सवलतीच्या पानावर नव्हतं, खरेदीच्या सर्वसाधारण अटींत होतं. सवलतीचं पान वाचणाऱ्याच्या नजरेला ते पडतच नाही, आणि याचा मला आजही राग येतो. दोन्ही गोष्टी एकमेकींवर परिणाम करतात, तर त्या एकाच पानावर छापायला हव्यात.

इथे एक अपवाद सांगायला हवा. काही कार्डांवर वळवलेली बाकी या अटीतून वगळलेली असते. अशा स्टेटमेंटवर एकूण रक्कम आणि किमान रक्कम यांच्या जोडीला तिसरी एक रक्कम छापलेली असते, आणि तेवढी भरली की नव्या खरेदीवर व्याज लागत नाही. तुमच्या स्टेटमेंटवर ती असेल तर तुम्ही सुदैवी. आमच्या स्टेटमेंटवर नव्हती.

आता दुसरा प्रश्न, किमान रकमेचा. मला सगळ्यात जास्त वेळ इथेच लागला. आमचे खरे आकडे वाकडेतिकडे आहेत, म्हणून मोजायला सोपे आकडे घेते. समजा 1,00,000 ची बाकी वळवली, 3 टक्क्यांनी 3,000 फी लागली आणि तीही वळवलेल्या बाकीतच धरली. बारा महिने शून्य टक्के. खरेदी 12,000 ची, आणि खरेदीवर वर्षाला 24 टक्के. एकूण झाले 1,15,000. किमान रक्कम एकूण रकमेच्या 5 टक्के, म्हणजे 5,750.

तुम्ही म्हणता, खरेदी 12,000 ची होती, मी 12,000 भरते. करारातला नियम असा होता की किमान रकमेइतके पैसे आधी सर्वांत कमी व्याजाच्या शिलकेला जातात, आणि त्याच्या वर जे उरेल ते सर्वांत जास्त व्याजाच्या शिलकेला. म्हणजे तुमच्या 12,000 पैकी 5,750 शून्य टक्क्यांच्या बाकीत गेले. खरेदीच्या वाट्याला आले 6,250. खरेदीचे 5,750 तसेच राहिले, 24 टक्क्यांवर. खरेदी पूर्ण मिटवायची असेल तर 12,000 आणि 5,750 मिळून 17,750 भरायला हवे होते, शिवाय तोवर चढलेलं व्याज. आमच्या तक्त्यात निम्मी खरेदी का दिसत होती ते इथे कळलं. पैसे हरवले नव्हते, ते आम्ही न सांगितलेल्या जागी गेले होते, आणि ती जागा निवडण्याचा हक्क आम्हाला नव्हता. पैसे भरताना ‘हे खरेदीचे’ असं लिहिलं तरी काही फरक पडत नाही, हे त्या बाईंनी स्पष्ट सांगितलं.

व्याजाचा हिशेबही एकदा मांडून पाहते. खरेदी महिन्याच्या 10 तारखेला, स्टेटमेंट 30 ला. वीस दिवसांचं व्याज म्हणजे 12,000 गुणिले 24 टक्के, भागिले 365, गुणिले 20: सुमारे 158. पुढच्या महिन्याच्या 20 तारखेला पैसे भरले. तोपर्यंतच्या वीस दिवसांचे पुन्हा सुमारे 158, आणि त्यानंतर उरलेल्या 5,750 वर दहा दिवसांचे सुमारे 38. दुसऱ्या स्टेटमेंटवर मिळून 196 च्या आसपास. कार्ड घेताना आम्हाला खरेदीवरच्या रिवॉर्ड पॉइंटांचं फार कौतुक सांगण्यात आलं होतं. एक टक्का कॅशबॅक धरला तर 12,000 वर मिळतात 120. पहिल्या वीस दिवसांच्या व्याजातच ते संपले.

पैसे भरल्यानंतरही व्याज येत राहतं, हा अनुभव अनेकांना गोंधळात टाकतो. स्टेटमेंट निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतच्या दिवसांचं व्याज त्या स्टेटमेंटवर असू शकत नाही, ते पुढच्यावर येतं. म्हणून खरेदीचा शेवटचा पैसा भरला तरी पुढच्या महिन्यात एक लहानशी व्याजाची ओळ दिसते. नवरा ती पाहून वैतागला, “अजून कशाचं?” म्हणाला. मला आता ते ओळखता येत होतं. ती रक्कम भरली आणि त्याच्या पुढच्या महिन्यात ओळ गेली.

पैसे कुठे वळते होतात याचे नियम देशागणिक वेगळे आहेत, आणि पूर्वी ते आजच्यापेक्षा फार वाईट होते. अमेरिकेत 2009 च्या क्रेडिट कार्ड कायद्याआधी भरलेले सगळे पैसे कमी व्याजाच्या शिलकेलाच लावण्याची पद्धत सर्रास होती. शून्य टक्क्यांची बाकी पूर्ण फिटेपर्यंत खरेदीला एक पैसाही मिळत नसे, आणि तिच्यावर व्याजावर व्याज चढत राही. वरच्या उदाहरणात 12,000 ची खरेदी वर्षभर अशी पडून राहिली तर दरमहा 2 टक्क्यांनी ती 15,219 होते. त्या कायद्याची ही तरतूद फेब्रुवारी 2010 मध्ये लागू झाली आणि किमान रकमेच्या वरचे पैसे जास्त व्याजाच्या शिलकेला लावणं बंधनकारक झालं. किमान रकमेबाबत मात्र बँकेला मोकळीक राहिली, म्हणून वरचा 5,750 चा प्रकार होतो. ब्रिटनमध्ये 2011 पासून भरलेले पैसे आधी सर्वांत महाग कर्जाला जातात. तुमच्या कार्डावर कोणता क्रम आहे हे करारात ‘भरणा कसा वळता होईल’ अशा मथळ्याखाली सापडतं. मला विचाराल तर सवलतीची मुदत किती महिने आहे हे पाहण्याआधी तो परिच्छेद वाचावा.

याच नियमाची दुसरी बाजू ऑटो-डेबिटमध्ये आहे आणि ती जास्त धोक्याची आहे. अनेकजण बॅलन्स ट्रान्सफर कार्डावर किमान रकमेचा ऑटो-डेबिट लावतात, म्हणजे ती रक्कम दरमहा बँक खात्यातून आपोआप जाते. विचार बरोबर असतो, एकही हप्ता चुकू नये. हप्ता चुकला तर सवलतच जाऊ शकते. अमेरिकेच्या कायद्यातही 60 दिवसांहून जास्त थकलं तर सवलतीचा दर काढून घ्यायला बँकेला मुभा आहे. पण फक्त किमान रक्कम जात असेल आणि कार्डावर खरेदी असेल, तर ती किमान रक्कम पूर्णच्या पूर्ण शून्य टक्क्यांच्या बाकीत जाते. खरेदीला काहीच मिळत नाही. माणसाला वाटतं आपण नियमित भरतोय, आणि जे भरायला हवं होतं ते तसंच वाढत असतं.

आम्ही काय केलं ते सांगते. ऑटो-डेबिट किमान रकमेचाच ठेवला, पण ती रक्कम गेली की त्याच महिन्यात वेगळा भरणा करून खरेदीची उरलेली रक्कम आणि त्या दिवसापर्यंतचं व्याज भरलं. किमान रक्कम आधीच भरलेली असल्यामुळे हा दुसरा भरणा सगळाच्या सगळा खरेदीत गेला. नेमका आकडा फोनवर विचारून घेतला. “खरेदीची शिल्लक अमुक तारखेला शून्य करायची आहे, त्या तारखेला किती भरावे लागतील?” असा प्रश्न विचारला की उत्तर मिळतं. नुसतं “किती भरू?” विचारलं तर एकूण रक्कम किंवा किमान रक्कम सांगतात.

खरेदी मिटली तरी तिने केलेलं एक नुकसान व्याजाच्या ओळीत दिसतच नव्हतं, आणि ते मला कागदावर महिने मांडल्यावर कळलं. आमचा बेत साधा होता. 1,03,000 बारा महिन्यांत फेडायचे तर महिन्याला सुमारे 8,584. तेवढे बाजूला काढायची घडी बसली होती. आता त्या पैशांतून खरेदी फेडली, तर तेवढा भाग वळवलेल्या बाकीच्या वाट्याला आला नाही. महिन्याची रक्कम तीच ठेवली तर बारा महिने संपताना सुमारे 12,000 शिल्लक राहणार, आणि त्या दिवसापासून तिच्यावरही नेहमीचा चढा दर लागणार. म्हणजे महाग खरेदी आधी फेडणारा नियम चांगला असला तरी तो आपली शून्य टक्क्यांची मुदत खरेदीवर खर्च करतो. खरेदी झाली की दोनच मार्ग उरतात: महिन्याची रक्कम वाढवा, किंवा मुदतीअखेर व्याज द्या. आम्ही रक्कम वाढवली. काही महिने घरखर्चाला चिमटा बसला. सासूबाईंना नातवाचं बोलणं पुन्हा ऐकू येऊ लागलं होतं, तेव्हा खरेदीबद्दल कोणाच्याही मनात किंतु नव्हता. प्रश्न फक्त ती कोणत्या कार्डावर व्हायला हवी होती एवढाच होता.

मुदतीची तारीखही नीट पाहून घ्यावी. बारा महिने कधीपासून मोजायचे? काही कार्डांवर खातं उघडल्याच्या दिवसापासून, काहींवर बाकी वळती झाल्याच्या दिवसापासून. वळवणीला आठवडा-दोन आठवडे लागले तर तेवढे दिवस पहिल्या प्रकारात वाया जातात. काही कार्डांवर खरेदीवरही शून्य टक्के असतं, पण मुदत वेगळी असते, खरेदीची बहुधा कमी. अशा कार्डावर सुरुवातीला काहीच जाणवत नाही, खरेदीची मुदत संपते त्या महिन्यात एकदम व्याज सुरू होतं. दुकानांच्या कार्डांवर कधी कधी ‘इतक्या महिन्यांत पूर्ण फेडलं तर व्याज नाही’ अशी योजना असते, तिची गत आणखी वेगळी. तिथे मुदतीनंतर थोडी रक्कम जरी उरली तरी व्याज अगदी पहिल्या दिवसापासून लावलं जातं. खऱ्या शून्य टक्क्यांत ते फक्त उरलेल्या रकमेवर आणि पुढच्या काळाचंच लागतं. दोन्हींच्या जाहिराती शेजारी ठेवल्या तर फरक पटकन कळत नाही.

श्रवणयंत्राची खरेदी तरी डोळ्यांसमोर होती. लहान व्यवहार नकळत होतात. ॲड-ऑन कार्डधारकाच्या फोनमध्ये कार्ड साठवलेलं असतं. जुनं कार्ड वापरायचं थांबवलं की मोबाइलचं बिल, एखादं मासिक सदस्यत्व, विम्याचा हप्ता, सगळ्यांना नवं कार्ड दिलं जातं, कारण ते हाताशी असतं. रक्कम किरकोळ असते, पण ती दर महिन्याला नव्याने खरेदी म्हणून येते आणि दर महिन्याला तिच्यावर पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. खरेदीची शिल्लक कधी शून्यच होत नाही. मी एका संध्याकाळी बसून आमची अशी सगळी सदस्यत्वं डेबिट कार्डावर हलवली. ॲपमध्ये कार्ड तात्पुरतं बंद करायची सोय होती, तीही वापरली. कार्ड बंद ठेवलं तरी बाकीचे हप्ते भरता येतात, हे आधी विचारून खात्री करून घेतली. आधीपासून चालू असलेली काही सदस्यत्वं मात्र बंद कार्डावरही जाऊ शकतात, म्हणून ती एकेक करून काढावीच लागतात.

परताव्याचाही एक अनुभव आला. यंत्रासोबत घेतलेली एक जोडवस्तू परत केली, तिचे पैसे कार्डावर जमा झाले. मला वाटलं त्या महिन्याच्या किमान रकमेत ते धरले जातील. करारात स्पष्ट होतं की परतावा हा भरणा मानला जाणार नाही, किमान रक्कम वेगळी भरावीच लागेल. आमचा ऑटो-डेबिट चालू होता म्हणून काही बिघडलं नाही. हाताने भरणाऱ्याचा हप्ता इथे सहज चुकू शकतो, आणि मग विलंब शुल्काबरोबर सवलतीवरही गदा.

मग अशा काळात खरेदी करायची कशाने? डेबिट कार्डाने किंवा खात्यातून थेट. ते शक्य नसेल तर दुसऱ्या एखाद्या कार्डाने, ज्याच्यावर काहीही बाकी नाही आणि ज्याचं बिल पूर्ण भरता येणार आहे. इथे बऱ्याच जणांच्या मनात जुनं कार्ड येतं: बाकी वळवली, ते मोकळं झालं, त्याच्यावर घेऊ. त्यातही मेख आहे. आमच्यासारखी थोडी बाकी मागे राहिली असेल तर तिथेही बिनव्याजी मुदत नाही. सगळी वळली असली तरी शेवटच्या स्टेटमेंटपासून पैसे पोचेपर्यंतच्या दिवसांचं व्याज पुढच्या बिलात येतं. ते भरून एखादं स्टेटमेंट पूर्ण शून्यावर येईपर्यंत जुनं कार्डही ‘मोकळं’ धरू नये. आणि मोकळ्या झालेल्या मर्यादेवर पुन्हा बाकी साचवली तर दोन्हीकडे देणं होतं, ही भीती मला स्वतःला सगळ्यात जास्त होती. म्हणून आम्ही मागे राहिलेली रक्कम आधी फेडली आणि ते कार्ड कपाटात ठेवलं.

मर्यादेचा मुद्दा राहिला. वळवलेली बाकी, फी आणि खरेदी सगळं एकाच मर्यादेत मोजलं जातं. बॅलन्स ट्रान्सफरमध्ये मर्यादेचा मोठा भाग पहिल्याच दिवशी भरलेला असतो, त्यामुळे थोडी खरेदीसुद्धा मर्यादेच्या टोकाला नेऊन ठेवते. मर्यादेचा किती भाग वापरात आहे हे पतगुणांकनात, म्हणजे क्रेडिट स्कोअरमध्ये, पाहिलं जातं. पुढे घरासाठी वगैरे कर्ज घ्यायचं असेल तर हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

मुदत संपायच्या आत आमची वळवलेली बाकी शून्य झाली. त्या महिन्यात नवऱ्याने विचारलं, “आता वापरू का हे कार्ड?” मी पुन्हा कस्टमर केअरला फोन लावला, कारण बिनव्याजी मुदत एकदा गेली की ती केव्हा परत सुरू होते हे प्रत्येक कार्डावर वेगळं असतं. काही ठिकाणी एक स्टेटमेंट पूर्ण भरलं की पुरतं, काही ठिकाणी लागोपाठ दोन लागतात. आमच्या बाबतीत दोन लागणार होती. त्यांनी सांगितलेली तारीख मी लिहून घेतली, मधल्या स्टेटमेंटवर व्याजाची ओळ खरोखर शून्य आहे हे पाहिलं, आणि त्यानंतरच ते कार्ड ॲपमध्ये पुन्हा चालू केलं.